धरण, वीज, गॅस: पहारा वाढवायचा की माणसं?

टिळकवाडीकर

मे २०२५ मध्ये देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. कर्नाटकातून बेंगळुरू, कारवार आणि रायचूर. बेळगाव नव्हतं, आणि त्याचं आमच्याकडे काहींना अजून वाईट वाटतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा इथं, मग भोंगा आमच्याकडे का नाही वाजला, असा सूर. वाजला असता तर आपण काय केलं असतं? गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढला असता.

वीज, पाणी, इंधन, रेल्वे, दूरसंचार या मोक्याच्या व्यवस्था राखायला सरकार काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० खाली एखादी संगणक यंत्रणा 'संरक्षित' जाहीर झाली की तिच्यात विनापरवाना घुसणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आहे. २०१४ पासून त्यासाठी एनसीआयआयपीसी ही वेगळी केंद्रीय संस्था आहे. २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं लागतं. अणुवीज केंद्रांना सीआयएसएफचा पहारा आहे. सगळी तयारी आहे ती बाहेरून येणाऱ्या शत्रूसाठी.

आता मोडलं काय ते बघा. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री होसपेटजवळ तुंगभद्रा धरणाचा १९ नंबरचा दरवाजा वाहून गेला. घातपात नव्हे, साखळी तुटली. सत्तर वर्षांचं धरण, ऐन पावसाळ्यात भरलेलं. दाब कमी करायला बाकीचे दरवाजे उघडून पाणी सोडावं लागलं, आणि पाणी अडवणारे तात्पुरते पोलादी अडसर (स्टॉपलॉग) बसेपर्यंत आठवडा गेला. त्या पाण्यावर दुसऱ्या पिकाची आशा धरून बसलेल्या शेतकऱ्यांना विचारा शत्रू कोण होता.

जुलै २०१२ मध्ये लागोपाठ दोन दिवस उत्तरेची ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, बसली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही गेली, साठेक कोटी लोक अंधारात. कारण काय, तर वाट्यापेक्षा जास्त वीज ओढणं आणि मोक्याच्या वाहिन्या ट्रिप होणं. दक्षिण तेव्हा वाचली, कारण ती बाकीच्या देशाशी एका लयीत जोडलेली नव्हती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने ती जोडली गेली. म्हणजे सीमेवरून वर्षानुवर्षं कोर्टात असलेली दोन राज्यं विजेच्या बाबतीत एकाच जाळ्यात आहेत. तिकडे गडबड झाली तर इकडे झळ बसणार, आणि उलटंही.

म्हणून माझी मागणी: भिंत, कॅमेरा, फाटक यांवर जाणारा पैसा थोडा थांबवा आणि तो देखभालीच्या कायम माणसांवर लावा. शिवाय दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे आणि वीज कार्यालयांचं रोजचं बोलणं चालू ठेवा, वाद कितीही तापला तरी. बोला.

कॅम्पातला सुभेदार

साखळी तुटली म्हणून पहारा नको, हा कुठला न्याय? २००९ साली कैगाला काय झालं ते विसरलात? आपल्यापासून काही तासांवरच्या अणुवीज केंद्रात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये कुणीतरी किरणोत्सारी ट्रिटियम असलेलं जड पाणी मिसळलं. पन्नासच्या आसपास कर्मचाऱ्यांच्या अंगात ते गेलं. हा गंज होता का?

२०१९ ला तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय संगणकात मालवेअर सापडलं. आधी इन्कार झाला, मग केंद्र चालवणाऱ्या अणुवीज महामंडळाने (एनपीसीआयएल) मान्य केलं. अणुभट्टीचं नियंत्रण वेगळ्या जाळ्यावर होतं म्हणून निभावलं. ते जाळं वेगळं ठेवायची शिस्त संशयी डोक्याचीच ना? संशयाला नावं ठेवणं सोपं आहे, कारण जो हल्ला झालाच नाही त्याची बातमी येत नाही.

आणखी एक. धरणाच्या दरवाजाचे कच्चे दुवे चारचौघांत लिहू नयेत. वाचणारे सगळे आपलेच असतात असं नाही.

टिळकवाडीकर

सुभेदारसाहेब, तुंगभद्रेच्या साखळीचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले, त्यात गुपित काय राहिलं? आणि कैगा तर माझ्याच बाजूचं उदाहरण. ते काम आतल्या माणसाचं होतं. आतल्याला भिंत काय करणार?

कॅम्पातला सुभेदार

म्हणूनच आत जाणाऱ्या प्रत्येक कंत्राटी माणसाची पोलीस पडताळणी व्हावी, दर वर्षी. ओळखपत्र नाही तर फाटकातून आत नाही.

लाईनवरचा

करा की पडताळणी, कोण नको म्हणतंय. खरं पडताळणी झालेला माणूस टिकला पाहिजे का नको? ठेकेदार बदलला की आमच्यातली पोरं बदलतात. एलसी, म्हणजे लाईन बंद केल्याची परवानगी, घेतल्याबिगर खांबावर चढायचं नाही, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगतो. खरं कुठल्या फीडरला कुठनं उलटा करंट येतोय, कुठल्या शेतात जनरेटर हाय, हे कळायला दोन पावसाळे लागतात. ते कुठल्या कागदावर न्हाई. कणकुंबी-जांबोटीकडं पावसात झाड लाईनवर पडलं की रात्री रानातनं चालत जाऊन फॉल्ट हुडकणारा माणूस लागतो. कॅमेरा जात न्हाई तिकडं.

आणि अतिरेकी म्हणाल तर आमच्या भागातला सगळ्यात मोठा अतिरेकी जेसीबी. एकानं गटारीला खणायचं, दुसऱ्याची केबल तुटायची. सरकारनं २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय, खणायच्या आधी केबलवाल्याला कळवायला. अशा खणण्यानं देशाचं वर्षाला ३००० कोटींचं नुकसान होतंय, असं सरकारच म्हणालं त्यावेळी. चांगलं ॲप हाय. आमच्या गल्लीत खणणाऱ्यानं ते उघडलेलं मी अजून बघितलं न्हाई.

शाहूपुरी कोल्हापूर

लाईनवाल्या दादांच्या बोलण्याला एक जोड देतो. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये हॅकरांनी वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात शिरून सबस्टेशनचे ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारे मोठे स्विच, उघडले. सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. वीज काही तासांत परत आली, कारण तिथले कर्मचारी गाड्या काढून सबस्टेशनवर गेले आणि हाताने ब्रेकर पुन्हा जोडले. हल्ला संगणकावर, उपाय हातांनी. सगळं रिमोटवर नेऊन सबस्टेशनवरची माणसं काढली तर ही वाट बंद.

तरी टिळकवाडीकरांशी मी पूर्ण सहमत नाही. देखभाल आणि हल्ला अशा दोन पेट्या करता येत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. पुढच्या वर्षी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख म्हणाले, सायबर घातपात असू शकतो. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मानवी चूक. एका अंधाराची दोन सरकारांकडून दोन कारणं. यंत्रणा ढिसाळ असेल तर घातपात कुठला आणि ढिसाळपणा कुठला हे ओळखताच येत नाही. शत्रूला याहून चांगलं काय हवं?

राहिलं दोन राज्यांच्या बोलण्याचं. आधी तुमच्या कर्नाटकाला सांगा कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर नेऊ नका म्हणून. आमचं शिरोळ, आमची सांगली बुडते. मग बोलू.

येडूरची सून

'तुमच्या कर्नाटकाला' म्हणजे कुणाला हो दादा? आम्ही मराठी बोलतो, मतदान चिकोडी तालुक्यात करतो, आणि पाणी येतं ते तुमच्या कोयनेतून, राधानगरीतून, काळम्मावाडीतून. कल्लोळ-येडूरचा पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो तेव्हा ते पाणी मराठी की कानडी, कोण विचारतं? तुम्हाला अलमट्टी मागून रेटते, आम्ही मध्ये. तुमच्या सरकारने पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या वडनेरे समितीनेच २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नव्हतं, तेवढं तरी वाचा.

मला पहारा आणि देखभाल यातलं फार कळत नाही. इशाऱ्याचं कळतं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे सांगलीच्या नणंदेच्या व्हॉट्सॲपवर मला आधी कळतं, मग आमच्या कचेरीतून. कचेरीचं पत्रक येतं ते कानडीत. माझी मुलं वाचतात, सासूबाईंना येत नाही. पूर आला की घरी असतात त्या सासूबाई.

कॅम्पातला सुभेदार

वहिनी, तुमचा त्रास खरा आहे. पण इथं भाषेचा वाद आणला की मूळ विषय गेलाच म्हणून समजा. राज्याची भाषा कानडी, कचेरी त्यातच लिहिणार. पलटणीत आम्ही हुकूम हिंदीत घ्यायचो, कुणाची तक्रार नव्हती.

येडूरची सून

पलटणीत तुम्हाला हिंदी शिकवली, काका. सासूबाईंना कानडी कुणी शिकवली नाही. दुकानाच्या पाटीचं भांडण मी भांडत नाही. गुरं कधी सोडायची एवढंच विचारते.

टिळकवाडीकर

हा भाषेचा वाद नव्हेच. इशारा हा त्या धरणाचाच भाग आहे, दरवाजासारखा. पोचला नाही तर धरण अर्धवट बांधलं असं समजायचं.

ऊसवाला

पाण्याचं खूप झालं, गॅसचं कोण बोलणार? दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गेलची पाइपलाइन आपल्या जिल्ह्यातून जाते, सगळी मिळून हजारेक किलोमीटर. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने जमीन आपल्याच नावावर राहते, पण त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही. या निर्बंधाचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. आणि पाइप फोडणाऱ्याला, घातपात करणाऱ्याला शिक्षा २०११ च्या दुरुस्तीने कडक केली.

२०१४ ला आंध्रात नगरम गावात गेलची पाइपलाइन फुटली, वीसहून जास्त माणसं जळून गेली. कुणी हल्ला केला नव्हता, पाइप गंजला होता. आधीपासून गळती होती, तक्रार केली होती, असं गावकरी सांगत होते. मोठ्या वाहिनीतल्या गॅसला सिलिंडरसारखा वास घातलेला असेलच असं नाही. म्हणजे गळती कळणार ती बांधावरून चालणाऱ्याला: कुठं पीक अचानक वाळलं, कुठं चिखलात बुडबुडे आले. कायदा मात्र त्याच्याकडे आधी संशयित म्हणून बघतो. पिवळ्या खांबावरचा फोन नंबर उन्हानं पुसलाय का, ते बघत चला म्हणजे झालं.

खानापूरची वकील

सुभेदारकाकांना एकच विचारते. गुप्तता कुणापासून? माहितीच्या अधिकारात कलम ८(१)(अ) खाली देशाच्या सुरक्षेला बाधक माहिती नाकारता येते, आणि ते योग्यच आहे. पण एका कार्यालयाकडे मी फक्त एवढं विचारलं होतं की धरणाची शेवटची तपासणी कधी झाली. दोष काय निघाले ते नव्हे, नुसती तारीख. उत्तर आलं, 'सुरक्षेच्या कारणास्तव'. इथं सुरक्षा धरणाची की साहेबांची?

तरतूद आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये झाला, ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. त्याच्या कक्षेतल्या प्रत्येक जुन्या धरणाचा आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत करायचा, म्हणजे मुदत डिसेंबर २०२६. आपल्या जिल्ह्यातली हिडकल आणि नविलुतीर्थ ही धरणंही त्यात आली. आराखड्यात खालच्या गावांना कसं कळवायचं हे असावं लागतं. इशाऱ्याची भाषा तिथं मागायची, मोर्चात नव्हे. आणि सार्वजनिक मालमत्ता नुकसान कायदा १९८४ चा आहे, त्यात आंदोलकांवर गुन्हे पटापट दाखल होतात. देखभाल न करणाऱ्यावर त्या कायद्याखाली गुन्हा दाखल झालेला मी तरी पाहिलेला नाही.

कॅम्पातला सुभेदार

तारीख द्यायला हवी होती, मान्य. पण आराखड्यात बुडीत क्षेत्राचे नकाशे असतात, कुठला दरवाजा फुटला तर कुठवर पाणी जाईल याचे. ते गावोगाव लावायचे म्हणत असाल तर माझी सही नाही.

येडूरची सून

नकाशा ठेवा तुमच्याकडेच. पाणी कुठवर येतं ते आमच्या भिंतीवरच्या डागावरून कळतं. किती वाजता येणार तेवढं सांगा.

लाईनवरचा

आणि पाणी यायच्या आधी टीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बंद करायला कुणाला फोन लावायचा, ते पण घाला त्यात. नाव नको, पदाचा नंबर द्या. माणूस बदलतोय, नंबर बदलाय नको.

शाहूपुरी कोल्हापूर

शिरोळच्या बाजूनेही असाच अर्ज द्यायला हवा. अलमट्टीबद्दल माझं मत तेच आहे, ते वेगळं.

खानापूरची वकील

ठीक. तर तीन गोष्टी मागू: तपासणीची तारीख जाहीर करा, इशारा दोन्ही भाषांत द्या, आणि पाणी सोडण्याआधी खालच्या तालुक्यांना वेळ कळवा, राज्य कुठलंही असो. कायम कर्मचाऱ्यांची मागणी टिळकवाडीकरांनी वेगळ्या अर्जात करावी, एकात कोंबली तर चौथ्यासकट पहिल्या तिन्हीही जातील. मराठी मसुदा मी लिहिते. कानडी कोण लिहिणार?

कॅम्पातला सुभेदार

कानडी मी लिहितो. पण पहिला परिच्छेद पहाऱ्याचा.

टिळकवाडीकर

दुसरा.