हवाई पूर्वसूचना रडारसाठी विमान कोणतं: टर्बोप्रॉप, बिझनेस जेट की ७३७?

प्रश्न: दूरवरची शत्रूची विमानं हेरणाऱ्या स्वीडिश एरिआय रडारची लांबट पेटी साब ३४० या टर्बोप्रॉपच्या (पंख्यांवर चालणाऱ्या विमानाच्या) पाठीवर बसली, एम्ब्राएर १४५ वर बसली, ग्लोबलआयच्या रूपात बिझनेस जेटवरही बसली. मग बोइंग ७३७ एवढं धूड उडवायचं कशाला? किती तास हवेत राहतं याखेरीज काय बघतात?

प्रतिसाद १: आधी उंची. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणा, रडारचं क्षितिज, म्हणजे पृथ्वीच्या गोलाईआधी ते कुठवर बघू शकतं, हे किलोमीटरमध्ये मिळतं. ६,००० मीटरवरून ३१९ किमी, १२,००० वरून ४५१. लक्ष्य १०० मीटरवरून येत असेल तर आणखी ४१ मिळवा. टर्बोप्रॉप फार उंच जात नाही, म्हणून इथेच मार खातं. अमेरिकेचं ई-२ हॉकआय टर्बोप्रॉप असूनही वापरतात, पण त्याला विमानवाहू नौकेवरून उडायचं असतं, तिथे निवडीला वावच नाही.

प्रतिसाद २: उंचीपेक्षा वीज आणि उष्णता जास्त नडते. रडारला दिलेल्या विजेतली बरीचशी उष्णता होऊन विमानातच राहते, ती बाहेर टाकावी लागते. ब्रिटनच्या निमरॉड एईडब्ल्यू ३ या पूर्वसूचना विमानात ती इंधनात सोडत. टाक्या रिकाम्या होत गेल्या की उष्णता शोषायला इंधनच कमी पडे, म्हणजे गस्तीच्या शेवटी पंचाईत. (१९८६ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला, मुख्य दुखणं रडार आणि संगणकाचं होतं.) लहान जेटमध्ये जनरेटर, शीतकरण आणि माणसं एकाच जागेसाठी भांडतात. ७३७ वरच्या ई-७ मध्ये दहा कन्सोल (रडार बघणाऱ्यांच्या बैठका) मावतात, शिवाय पाळी बदलून विश्रांतीही घेता येते.

प्रतिसाद ३: अँटेनाचा आकार विसरू नका. दोन्ही कुशींकडे बघणाऱ्या पेटीला नाकाकडे आणि शेपटीकडे नीट दिसत नाही. आपल्या 'नेत्र' या पूर्वसूचना विमानाच्या रडारचं क्षेत्र २४० अंशांचं आहे, त्यामुळे गस्तीचा पट्टा धोक्याच्या दिशेला आडवा ठेवावा लागतो आणि प्रत्येक वळणावर चित्र तुटतं. ई-७ ने पेटीच्या डोक्यावर आडवी टोपी चढवून पुढची-मागची बाजू भरली. गल्फस्ट्रीम जी-५५० या बिझनेस जेटवर नाकात आणि शेपटीत वेगळे अँटेना आहेत. आयएल-७६ या मालवाहू जेटवरच्या इस्रायली फाल्कन रडारची तबकडी फिरतच नाही, आत तीन बाजूंना तीन अँटेना. बोइंग ७०७ वर बेतलेल्या अमेरिकी ई-३ ची ९.१ मीटरची तबकडी मात्र १० सेकंदांत एक फेरी घेते, तोवर लक्ष्याची नवी नोंद नाही.

पाठीवरचं ओझं शेपटीकडे जाणारी हवाही बिघडवते. ई-७ च्या पोटाखाली मागे जास्तीचे पंख आहेत ते त्यासाठीच. जानेवारी १९९९ मध्ये अरक्कोणमजवळ आपल्या चाचणीच्या एचएस-७४८ विमानाची तबकडी हवेतच सुटली, आठ जण गेले. बसवणं म्हणजे चार बोल्ट आवळणं नव्हे.

प्रश्नकर्ता: म्हणजे ३६० अंश हवे असतील तर मोठं विमान अटळ?

प्रतिसाद ३: नाही, जी-५५० तेच दाखवतं. पण नाक-शेपटीतले अँटेना लहान, म्हणून त्या दिशांना पल्लाही कमी. आणि एक बघाच: ज्या विमानावर रडार बसवायचं त्याचं उत्पादन चालू आहे का? जपानला ई-३ हवं होतं तेव्हा ७०७ चं उत्पादन बंद झालं होतं, म्हणून बोइंग ७६७ वर तेच रडार बसवलेलं ई-७६७ आलं. जगात तशी चारच आहेत.