सहा आठवडे झाले, सोनोग्राफीत ठोके नाहीत. काय करू? (गोवा)

साखळीकरीण:
नमस्कार. लिहिताना हात थरथरतोय, मागेपुढे झालं तर समजून घ्या. वय 28, पहिलीच खेप. शेवटची पाळी 2 जूनला आली होती. 11 जुलैला घरी पट्टीवर तपासलं, दोन रेघा आल्या. काल 14 जुलैला एका खाजगी सेंटरवर सोनोग्राफी केली. मोबाईलवरचं अ‍ॅप सहा आठवडे पूर्ण दाखवतंय. रिपोर्टमध्ये मात्र लिहिलंय: गर्भाशयात पिशवी 4 मिलीमीटर, वाढ 4 आठवडे 6 दिवसांएवढी, गर्भ दिसत नाही, ठोके नाहीत. तपासणारे म्हणाले, वाढ थांबलेली दिसते, गोळ्या घेऊन मोकळ्या व्हा. मी अजून टेबलावरून उतरलेही नव्हते. पोटावरची जेली पुसायला दिलेला कागद मुठीत तसाच घेऊन मी बस स्टँडवर आले.

नवरा जहाजावर आहे, नोव्हेंबरात येईल. आई कुडाळला. सासूबाई प्रेमळ आहेत, पण तीन महिने कुणाला सांगायचं नाही म्हणतात, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला? गोळ्या घ्याव्यात का? दुसरं मत घ्यायचं तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जाऊ की खाजगीत? आणि सहा आठवड्यांचं पोट चारच आठवड्यांचं कसं दिसतं, हे कुणी समजावून सांगेल का?

फोंड्याची आई:
गोळ्या अजिबात घेऊ नकोस. एका सोनोग्राफीवर असा निर्णय होत नाही. इथे एक निवृत्त सिस्टर असतात, त्यांची वाट बघ.

निवृत्त सिस्टर, म्हापसा:
बाय, आधी पाणी पी आणि मला एक सांग. तुझी पाळी किती दिवसांनी येते? सोनोग्राफी पोटावरून केली की आतून? पोटात दुखतं का? अंगावरून जातंय का?

साखळीकरीण:
पाळी 37-38 दिवसांनी येते, शाळेत असल्यापासून. सोनोग्राफी पोटावरूनच. दुखत नाही, रक्त नाही. छाती भरल्यासारखी वाटते आणि फोडणीचा वास सहन होत नाही.

निवृत्त सिस्टर, म्हापसा:
मग आता नीट वाच. सरकारी इस्पितळांच्या प्रसूती वॉर्डांत माझी 31 वर्षं गेली, आणि हे गणित मी शेकडो मुलींना कागदावर मांडून दाखवलंय.

गरोदरपणाचे आठवडे आपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, कारण तोच दिवस बाईला पक्का आठवतो. 40 आठवडे म्हणजे 280 दिवस, ते त्या तारखेपासूनच. पण त्या दिवशी पोटात काहीच नसतं. पहिले दोन आठवडे नुसते हिशेबातले. अंडाशयातून बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी. ज्यांची पाळी 28 दिवसांची त्यांचं चौदाव्या दिवसाच्या आसपास. तुझी 38 दिवसांची, म्हणजे तुझं बीज सुटलं चोविसाव्या दिवसाच्या सुमारास, 26 जूनच्या आगेमागे. अ‍ॅपने मात्र 28 दिवस धरले. तिथेच दहा दिवसांचा फरक पडला.

सुटलेलं बीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. भेट होते ती गर्भाशयात नव्हे, त्याला जोडलेल्या बीजनळीत. फळलेलं बीज दोनाचे चार, चाराचे आठ होत तीन-चार दिवसांनी गर्भाशयात उतरतं आणि सहाव्या दिवसाच्या सुमारास अस्तरात रुजायला लागतं. रुजलं की एचसीजी हे संप्रेरक रक्तात येतं, तेच तुझ्या पट्टीने पकडलं.

आता मुख्य गोष्ट. बाळाचं हृदय हलायला लागतं ते बीज फळल्यापासून साधारण 22व्या दिवशी. 26 जूनपासून मोजलंस तर 14 जुलै हा 18वा दिवस. ज्या दिवशी तू टेबलावर होतीस त्या दिवशी ते हृदय सुरूच झालेलं नसावं. मग ठोके दिसणार कुठून? त्यात पोटावरून बघितलं तर आतून करण्यापेक्षा जवळजवळ आठवडाभर उशिरा दिसतं. 4 मिलीमीटरची पिशवी तुझ्या खऱ्या दिवसांना शोभेल अशीच आहे.

वाढ थांबली असं ठामपणे म्हणायचे नियम ठरलेले आहेत. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ 7 मिलीमीटर किंवा मोठा असूनही ठोके नसतील, किंवा पिशवी 25 मिलीमीटरची होऊनही आत गर्भ नसेल, तर. त्याच्या अलीकडे थांबायचं, परत बघायचं. तुझी पिशवी 4 ची आहे, बाय. दोन आठवडे थांब, मग आतून सोनोग्राफी करायला सांग. आतून म्हणजे बाळाला धक्का लागतो ही भीती काढून टाक, तसं होत नाही.

खोटा धीर मात्र देणार नाही. पिशवीत योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी) किंवा गर्भ दिसेपर्यंत गर्भ नळीत तर राहिला नाही ना, ही शंका पूर्ण मिटत नाही. एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात कळ आली, चक्कर आली किंवा अंगावरून गेलं, तर दोन आठवडे वाट बघायची नाही. 108 लाव आणि थेट बांबोळी गाठ, रात्रीचे दोन वाजलेले असोत. सासूबाईंना हे आजच सांगून ठेव.

मनाला चैन पडत नसेल तर डॉक्टरांकडून एचसीजीची रक्ततपासणी लिहून घे, 48 तासांच्या अंतराने दोनदा. सुरुवातीच्या दिवसांत आकडा साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतो. एकाच आकड्यावरून काही ठरवू नकोस.

फॉलिक अ‍ॅसिड घेतेस का?

साखळीकरीण:
सिस्टर, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. सासूबाईंनाही मोठ्याने वाचून दाखवलं. फॉलिक अ‍ॅसिड घेत नाही, कुणी सांगितलंच नाही.

निवृत्त सिस्टर, म्हापसा:
मग आज संध्याकाळीच सुरू कर, रोज 400 मायक्रोग्रॅम. 5 मिलीग्रॅमची गोळीही मिळते, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच. बाळाचा मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो ती बीज फळल्यापासून 28 दिवसांत मिटते. तुझ्या हिशेबाने 24 जुलैपर्यंत. खरं तर ही गोळी दिवस राहायच्या आधीपासून हवी. लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि कुणी सांगत नाही याचा मला आजही राग येतो.

पेडण्याची सुगरण:
बांबोळी की खाजगी याबद्दल माझा अनुभव. पहिल्या वेळी खाजगीत, दुसऱ्या वेळी सरकारी. नाव आधी तुझ्या जवळच्या आरोग्य केंद्रात घाल. तिथे माता-बाल कार्ड मिळतं, रक्त-लघवी तपासतात, धनुर्वाताचं इंजेक्शन तिथेच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ही योजना 2016 पासून आहे. तू पणजीला नोकरी करत असशील तर बांबोळी तिथून जवळच आहे, पण ओपीडीला सकाळी लवकर जा आणि सोबत डबा ने. खाजगीत गेलीस तरी कार्ड काढच. अडचण आली की कागद हातात असलेला बरा.

खाण्याचं: सकाळी उठताना उलटी येते ना? अंथरुणातच दोन बिस्किटं किंवा मूठभर चुरमुरे खा, मग उठ. मला पेज आणि लिंबाचं लोणचं एवढंच जात होतं. बांगडे, तारले, वेर्ल्यो ही मासळी बिनधास्त खा, पण नीट शिजवून. मोरी (शार्क मासा) नको, त्यात पारा जास्त असतो. इस्वणही (सुरमई) रोज नको. तिसऱ्या, कालवं अर्धकच्ची अजिबात नको. पिकलेली पपई चालते, कच्ची नको, तिच्यात चीक असतो.

निवृत्त सिस्टर, म्हापसा:
बरोबर. त्यात एवढं घाल: पाणीही दिवसभर पोटात ठरत नसेल तर ती नेहमीची उलटी नव्हे, सलाईन लागतं. लोहाची गोळी पुढे चौथ्या महिन्यात सुरू होईल, ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घ्यायची नाही. आणि अंगदुखीला मनाने कुठलीही गोळी नको.

दर्यावर्दी:
मीही जहाजावर असतो, म्हणून राहवलं नाही. ताई, नवऱ्याला सांगा. आमच्या वेळी बायकोने माझ्या काळजीपोटी दोन महिने लपवलं, आणि ते दिवस तिने एकटीने काढले हे मला अजून सलतं. समुद्रावर असलो तरी ऐकून घेता येतं. रिपोर्टचा फोटो पाठवा, सिस्टरांचं हे गणितही पाठवा.

साखळीकरीण:
काल रात्री सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, कॅलेंडरवर 26 जूनला खूण कर, मीही करतो. दुसरी सोनोग्राफी 30 जुलैला ठरवली आहे, वेगळ्या डॉक्टरांकडे, आतून. सासूबाई सोबत येतात.

साखळीकरीण (30 जुलै):
आत्ताच बाहेर आले. गर्भ 10 मिलीमीटर. 7 आठवडे 1 दिवस. ठोके मिनिटाला 138.

पडद्यावर तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं काहीतरी होतं आणि त्यात मधोमध एक ठिपका लुकलुकत होता. डॉक्टरांनी आवाज नाही लावला, पडदा फक्त माझ्याकडे वळवला. सासूबाईंनी माझा पाय धरून ठेवला होता, तो सोडलाच नाही. नियत तारीख 17 मार्च दिली आहे. सिस्टर, तुमचे पाय धरायचे आहेत.

फोंड्याची आई:
शिगम्याच्या दिवसांत! डोळे भरून आले गं.

निवृत्त सिस्टर, म्हापसा:
देव बरें करूं, बाय. पाय नको, मार्चमध्ये फोटो पाठव. आता अ‍ॅपमधली जुनी तारीख काढून टाक, यापुढे सगळं याच सोनोग्राफीवरून मोजायचं. 17 मार्च हा अंदाज आहे, नेमक्या तारखेला वीसात एखादंच बाळ येतं.

पुढची एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजतात ती) 11 ते 13 आठवडे 6 दिवस याच मुदतीत होते, म्हणजे तुझी 26 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर. चवथीच्या गडबडीत मुली हीच तारीख चुकवतात आणि मग ती तपासणी परत करता येत नाही. उद्या सकाळी फोन करून नंबर लाव. बाळाचे अवयव बघायची मोठी सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांची, ती ऑक्टोबरच्या मध्यावर येईल. हालचाल साधारण तेव्हाच कळायला लागेल. पहिल्या खेपेला पोटात वारा फिरल्यासारखं वाटतं, तेव्हा ओळखायला थोडा वेळ लागेल.