क्लासिक रॉक ऐकायचं आहे, सुरुवात कोणत्या अल्बमपासून करू?

लयवेडी
नमस्कार मंडळी. लहानपणापासून तबला शिकले, घरात गाणं म्हणजे ख्याल आणि नाट्यसंगीत. आता मुलगी गिटार शिकतेय, तिच्या खोलीतून डीप पर्पल आणि लेड झेपेलिन ऐकू येत असतात. त्यातले ड्रम्स मला फार आवडायला लागलेत. पण 'सर्वोत्तम १०० अल्बम' अशा याद्या उघडल्या की गोंधळ उडतो. सुटी गाणी नकोत. तास-दीड तास सलग बसून ऐकायची तयारी आहे. तीन-चारच अल्बम सांगा, पण तेच का, हे नक्की लिहा.

निशिगंध
लेड झेपेलिनचा चौथा अल्बम (१९७१) आणि पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३). या दोन्हींशिवाय सुरुवात होऊच शकत नाही. 'डार्क साइड'मधलं 'मनी' हे गाणं सात मात्रांत आहे, तुम्हाला लगेच हाताला लागेल. गिटार सोलो सुरू झाला की तेच गाणं चारांत येतं, तिथे लक्ष ठेवा.

ठाण्याचा_बेसवाला
निशिगंधने सांगितलेले दोन्ही अल्बम थोर आहेत, पण ताई, तुम्ही ते थोडे मागे ठेवा. तुमचा कान मैफलीत तयार झालाय. स्टुडिओतलं रॉक बहुतेक वेळा थर चढवत बांधलेलं असतं; गिटारवर गिटार, आवाजावर आवाज. माणसं एकमेकांचं ऐकत, त्या क्षणी सुचेल ते वाजवतायत, ही गोष्ट त्यात कमी सापडते. ती पाहिजे असेल तर १९७० ते ७२ मधले लाइव्ह अल्बम घ्या. रॉकचा सर्वात उत्तम काळ माझ्या मते हाच, आणि तो स्टेजवर होता.

पहिला: डीप पर्पल, 'मेड इन जपान'. ऑगस्ट १९७२ मधले ओसाका आणि टोकियोचे कार्यक्रम. मुळात हा फक्त जपानच्या बाजारासाठी काढायचा होता. वरून दुरुस्त्या केलेल्या नाहीत, वाजलं तसं ठेवलंय. 'चाइल्ड इन टाइम' बारा मिनिटांचं आहे: जॉन लॉर्डच्या ऑर्गनवर अगदी संथ सुरुवात, इयन गिलनचा आवाज पायरीपायरीने तारसप्तकाच्या पलीकडे जातो आणि मग रिची ब्लॅकमोरची गिटार द्रुतात शिरते. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गिलन आणि ब्लॅकमोर यांचे सरळसरळ सवाल-जवाब आहेत. गिटारने फेकलेली जागा गळ्यातून जशीच्या तशी परत येते. आणि 'द म्यूल' खास तुमच्यासाठी, कारण तो इयन पेसचा ड्रम सोलो आहे. पेसचं मनगट ऐका. ताकद लावणारे ड्रमर पुष्कळ होते, इतकी सफाई क्वचितच कुणाकडे होती.

दुसरा: ऑलमन ब्रदर्स बँड, 'ॲट फिलमोर ईस्ट'. न्यूयॉर्क, मार्च १९७१. दोन गिटार, दोन ड्रमर. 'व्हिपिंग पोस्ट' तेवीस मिनिटं चालतं आणि सुरुवातीचं बेसचं आवर्तन अकरा मात्रांचं आहे. हातावर मोजून बघा, सम पकडताना काय आनंद होतो ते! त्यांचा गिटारवादक ड्वेन ऑलमन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटरसायकल अपघातात गेला. वय २४. त्या वयात त्याच्या स्लाइड गिटारमध्ये जी मींड आहे, ती ऐकून मला अजूनही भरून येतं.

तिसरा: द हू, 'लाइव्ह ॲट लीड्स' (१९७०). विद्यापीठाच्या भोजनगृहात झालेला कार्यक्रम. वाद्यं म्हणजे गिटार, बेस आणि ड्रम्स, बस. ड्रमर कीथ मून ठेका धरून बसत नाही, सतत भरत राहतो. ठेका सांभाळणं आणि धुन वाजवणं ही दोन्ही कामं जॉन एन्टव्हिसल बेसवर करतो. मी बेस हातात घेतला तो या माणसामुळे.

सागरगोटे
बेसवाल्यांना +१, पण द हूचा 'हूज नेक्स्ट' (१९७१) राहिला. पहिलंच गाणं 'बाबा ओ'रायली'. नावातले बाबा म्हणजे आपल्या नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. द हूचा गिटारवादक पीट टाउन्सेंड त्यांचा भक्त. रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली, त्याच्या पुनरावृत्तीच्या शैलीवरून सुरुवातीचं ते फिरत राहणारं ऑर्गन सुचलंय. शेवटी व्हायोलिन येतं आणि लय वाढत जाते. ताईंना आवडेलच.

निशिगंध
बेसवाले, लाइव्हबद्दल पटलं, पण स्टुडिओवर अन्याय होतोय. झेपेलिनच्या चौथ्या अल्बममधलं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचे ड्रम्स जिन्याच्या तळाशी मांडले आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने माइक वर जिन्यात टांगले. तो घुमारा त्या वास्तूचाच आहे. असा आवाज कुठल्या स्टेजवर मिळणार? त्याच अल्बमचं 'फोर स्टिक्स' बॉनमने दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवलंय, मध्येमध्ये पाचाचा ठेका आहे. आणि १९७२ मध्ये झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी हेच गाणं मुंबईत इथल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रित केलं होतं. ते २०१५ साली झेपेलिनच्या 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत बाहेर आलं.

ठाण्याचा_बेसवाला
'लेव्ही ब्रेक्स'बद्दल वादच नाही. रॉकमधला सर्वात सुंदर ड्रम्सचा आवाज तोच.

लयवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार. 'मेड इन जपान' काल लेकीसोबत ऐकला. 'चाइल्ड इन टाइम' संपल्यावर दोघीही काही बोललो नाही, परत लावलं. पेसबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरं, त्याचे बारीक बोलही स्वच्छ ऐकू येतात. शेवटचं 'स्पेस ट्रकिन' मात्र मधे फार लांबलं असं वाटलं. आता दोन प्रश्न. झेपेलिनचा लाइव्ह कोणता घ्यावा? आणि 'लाइव्ह ॲट लीड्स'च्या तीन-चार आवृत्त्या दिसतायत, त्यातली कोणती?

ठाण्याचा_बेसवाला
'स्पेस ट्रकिन'बद्दल माझंही तेच मत आहे. जवळजवळ वीस मिनिटांत मधला ऑर्गनचा भाग सैल पडतो.

झेपेलिनसाठी 'हाउ द वेस्ट वॉज वन'. जून १९७२ मधले कॅलिफोर्नियातले कार्यक्रम, पण अल्बम आला थेट २००३ मध्ये. १९७६ चा 'द साँग रिमेन्स द सेम' आधी घेऊ नका, त्यात चौघेही थकलेले वाटतात.

'लाइव्ह ॲट लीड्स'ची मूळ तबकडी फक्त सहा गाण्यांची होती. आधी तीच ऐका, नेमकी आणि घट्ट आहे. आवडली तर मग १९९५ ची वाढवलेली सीडी. ऐकताना शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपताना दुसरं त्यावर चढवणं) दोन्ही बंद ठेवा, 'डार्क साइड'ला तर नक्कीच, कारण तिथे मुळातच एक गाणं दुसऱ्यात मिसळतं. ऑलमन ब्रदर्स मात्र मुलगी घरी असताना लावा, त्यातल्या 'एलिझाबेथ रीड' या गाण्यात दोन गिटार एकमेकींना कशी वाट करून देतात ते तिला आता ऐकायलाच हवं.