१७ सप्टेंबरला हेरगिरीवर नाटक करावं का? आमच्या ग्रुपात भांडण लागलंय, तुम्ही सांगा

गोदाकाठचा_नट (नांदेड)
दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आपल्याकडं काय होतं सांगू का, झेंडा, तीन भाषणं, एक पोवाडा आणि शाळेतल्या पोरांचं तेच नाटक ज्यात कुणीतरी दाढी चिकटवून निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा पुढारी कासीम रझवी होतो आणि उगाच खदाखदा हसतो. बास. मला ह्या वर्षी वेगळं करायचंय. आता उमरीचं बघा, जानेवारी १९४८ ला आपल्या लोकांनी तिथली निजामाची बँक लुटली, लुटीवर सगळेच बोलतात पण त्याच्या आधी कुणीतरी तिथं जाऊन बघून आलं असणारच ना, पहारा किती, वाट कुठली, बाजाराचा दिवस कोणता. त्या माणसाचं नाटक कुणीच करत नाही.
माझी आयडिया अशी की स्टेजच नको. जुन्या वाड्यात लोकांना बसवायचं, नट पब्लिकमध्येच मिसळलेले, आणि खबऱ्या कोण हे शेवटापर्यंत कळू द्यायचं नाही, शेजारी बसलेला पण असू शकतो. माझं मत सरळ आहे, लाईव्ह नाटकाला हेरगिरीसारखं दुसरं मटेरियल नाही. आमच्यातले निम्मे म्हणायलेत भारी, निम्मे म्हणायलेत गावात आग लावायलास.

मास्तर_उदगीर
निम्मे बरोबर म्हणायलेत. गावात आगच लावायलास.
राग मानू नको लेका, नाटक मला पण आवडतं. पण "शेजारी बसलेला खबऱ्या असू शकतो" हे तुला आयडिया वाटायलंय, आमच्याकडं ते खरंच होतं. निजामाच्या राज्यावर भारतीय फौजेची पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबरला सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला, पाच दिवसांत खेळ खलास, आपण तिथंच पुस्तक मिटतो. पुढं काय झालं ते सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे, कितीतरी वर्षं तो दाबून ठेवला होता. मेलेल्यांचा आकडा त्यांनी कमीत कमी २७ ते ४० हजार धरलाय, बहुतेक मुसलमान, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि तुझं नांदेड.
आमची आजी सांगायची, त्या दिवसांत "हा रझाकारांना खबर द्यायचा" एवढं कुणी म्हटलं तरी पुरे व्हायचं, खरं का खोटं कोण बघतंय. काहींवर तर निव्वळ शेताच्या बांधावरनं आळ आला. त्यांची नातवंडं अजून त्याच गल्लीत राहतात आणि तुझ्या वाड्यात पहिल्या रांगेत तीच येऊन बसणार.

रंगपीठ_संभाजीनगर
मास्तर, मान्य आहे पण म्हणून विषयच सोडायचा का? मी नाट्यशास्त्राचा विद्यार्थी होतो (आता एलआयसीत आहे, हसू नका), तर थोडं सांगतो. हेर आणि नट ही दोन कामं आपल्याकडं पहिल्यापासून एकाच घरातली. कौटिल्यानं गूढपुरुष म्हणजे हेर सांगितले त्यात खोटा विद्यार्थी आहे, खोटा संन्यासी, व्यापारी, भिक्षुणी, म्हणजे सगळा वेशांतराचाच कारभार, आणि नट नर्तक गायक ह्यांना पण तो ह्या कामाला लावतो. विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस ह्या संस्कृत नाटकात पहिल्याच अंकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतो, यमाची चित्रं दाखवायची, पैसे मागायचे, आणि असाच एका घरात शिरतो तिथं राक्षसाची, म्हणजे चाणक्याचा शत्रू असलेल्या राक्षस नावाच्या मंत्र्याची, अंगठी त्याच्या हाताला लागते. पुढचं अख्खं नाटक त्या एका अंगठीवर चालतं. त्यात गंमत बघा, नट हेराचं काम करतोय आणि हेर गाणाऱ्याचं. आपल्या बहुरूप्याला जरा वळवलं की झालं, वेगळं काही शोधायलाच नको.
पण गोदाकाठ, शेवटी खबऱ्या उघडा पाडायचा हे मला पटलं नाही, ते टीव्ही सिरीयलसारखं होतं. कोण आहे ते पब्लिकला आधीच सांग, मग त्याला घाम फुटलेला बघण्यात मजा आहे.

बीडची_ताई
माझा विरोध वेगळ्या कारणानं आहे. हेरगिरीत कागद कमी असतात आणि कलाकार लोक ती रिकामी जागा स्वतःच्या मनानं भरतात. बहिर्जी नाईकांचंच घ्या, सभासद बखरीत सुरतेच्या निमित्तानं नाव येतं, बाकी खात्रीनं सांगता येईल असं फार थोडं. आणि गॅदरिंगला बघा, प्रत्येक वर्षी नवीन वेश नवीन पराक्रम, पोरं तोच इतिहास म्हणून पेपरात लिहितात, मी तपासलेत पेपर!
माता हारीचं पण तेच. नेदरलँड्सची बाई, मार्गारेटा झेले, जावाच्या देवळातले नाच म्हणून पॅरिसमध्ये नाचायची. १५ ऑक्टोबर १९१७ ला फ्रेंचांनी जर्मनांची हेर म्हणून गोळ्या घातल्या, पुरावा तसा पातळच होता. नंतर नाटकं सिनेमे करणाऱ्यांनी तिची अशी विषकन्या करून ठेवली की बिचारी मेल्यावर पण सुटली नाही. कोर्टानं एकदाच मारलं, ह्यांनी दर शोला.

गोदाकाठचा_नट
ताई मग लंडनवाल्यांचं काय? १९४३ ला इंग्रजांनी एका बेवारस माणसाचं प्रेत मेजर मार्टिन म्हणून सजवून स्पेनच्या किनाऱ्याला, वेल्वाजवळ सोडलं, अंगावर खोटी कागदपत्रं, जर्मन फसले, त्यांना वाटलं हल्ला सिसिलीवर नाही ग्रीसवर होणार. ह्या ऑपरेशन मिन्समीटवर तिकडं चक्क विनोदी म्युझिकल निघालं, २०२४ ला तिकडचं नाटकांचं ऑलिव्हिये अवॉर्ड पण मिळालं. कुणाच्या भावना दुखल्या का?

मास्तर_उदगीर
तो मेलेला माणूस कोण होता ते पण सांग की. ग्लिंडुर मायकल, वेल्सचा, घर ना दार, उंदराचं औषध पोटात जाऊन मेलेला. थडग्यावर त्याचं खरं नाव १९९८ ला आलं, तोवर ५५ वर्षं दगडावर मार्टिनचंच नाव. आणि हसून घ्यायला त्यांना परवडतं कारण वेल्वा कुठं लंडन कुठं. तुझं नाटक आणि तुझं थडगं एकाच पाणंदीला आहे.

लातूरचा_सुट्टीवर
मधी बोलतो. नाव न घेता करायचं असेल तर माझ्याकडं एक आहे. सिडनी कॉटन. ऑस्ट्रेलियाचा वैमानिक, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी १९३९ ला साध्या प्रवासी विमानात कॅमेरे लपवून जर्मनीचे फोटो काढायचा, म्हणजे पक्का हेर. तोच माणूस १९४८ ला निजामासाठी कराचीहून चोरून शस्त्रं आणायलेला, लँकॅस्ट्रियन विमानं, उतरायची बीदरला नाहीतर वरंगलला. उदगीरहून बीदर किती लांब आहे मास्तर? वाड्यात पूर्ण अंधार करा, नट नको काही नको, फक्त विमानाचा आवाज डोक्यावरून जाऊ द्या आणि खाली दोन बायका कुजबुजायलेत की हे कुणाचं विमान, आपलं का त्यांचं. दहा मिनिटं. माझ्या अंगावर लिहितानाच काटा आला राव

रंगपीठ_संभाजीनगर
आवाज भारी आहे पण मग हेर कुठं गेला? ढगात? लाईव्ह नाटकाला समोर माणूस लागतो, खोटं बोलणारा, आणि तो खोटं बोलतोय हे आपल्याला दिसायला लागतं. नुसता आवाजच ऐकायचा तर रेडिओ लावा.

मास्तर_उदगीर
विमानाचं मला चालतंय. त्यात कुणाच्या आज्याचं नाव नाही. फक्त अंधार करताना जिन्यातला दिवा चालू ठेवा, म्हातारी माणसं येतात.

गोदाकाठचा_नट
विमान घेतलं! पण मास्तर खबऱ्या मी काढणार नाही, तो काढला तर उरलं काय, परत पोवाडाच. रंगपीठ म्हणतो तसं सुरुवातीलाच सांगून टाकतो कोण आहे ते. आणि मधी त्याच्यावर खोटा आळ घेतलेला दुसरा एकजण पण आणतो, तुमच्या आजीच्या गोष्टीतला, परवानगी असेल तर.

मास्तर_उदगीर
आजी असती तर तिला विचारलं असतं. घे. पण दोघांना पण आडनाव देऊ नको. आणि धर्म कळेल असं नाव पण नको, पागोटं टोपी काही नको.

बीडची_ताई
आडनाव नाही, नाव नाही, टोपी नाही. अहो मग बाकीचे नट त्याला हाक काय मारणार?