मदत हवी आहे: अडीच टनी फोर्कलिफ्टचं इंजिन संपलंय, बदली इंजिन कुठं शोधू?

पेव्हरवाली:

नमस्कार. जयसिंगपूरच्या बाजूला आमचा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, आता मी बघते. फोर्कलिफ्ट एकच. टीसीएम कंपनीची एफडी-२५, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पुढं देणारी), आत इसुझूचं सी-२४० डिझेल. जपानमध्ये वापरून झालेली, आमच्याकडं येऊन अकरा वर्षं झाली. अवर मीटर ८,९१२ वर चार वर्षांपूर्वी बंद पडलाय, त्यामुळं खरे तास देवालाच माहीत.

काम मात्र तिनं रगडून केलंय. साठ एमएमचा ब्लॉक चौरस मीटरला १३५-१४० किलो भरतो, एका पॅलेटवर आम्ही दहा मीटर रचतो. म्हणजे फेरीला चौदाशे किलो धरा, आणि सीझनला दिवसाला ऐंशीच्या वर फेऱ्या.

पावसाळा संपल्यापासून तब्येत बिघडली. सकाळी हीटर दोन-तीनदा दिल्याशिवाय उठत नाही, उठली की सगळं आवार पांढऱ्या धुरानं भरतं. गरम झाली की धूर निळा होतो. आठवड्याला दोन लिटर ऑईल वरून घालतोय. ऑईलच्या तोंडाचं झाकण नुसतं ठेवलं तर इडलीपात्राच्या झाकणासारखं नाचतं. ट्रकला लावायच्या चढावर लोड घेऊन निम्म्यात दम टाकते.

मिस्त्रींनी हीटर प्लगच्या भोकातून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब, घेतलं. १९, २०, १४, २१ किलो. म्हणाले, "वहिनी, इंजिन कामाला आलंय." एवढं तर मलाही धुरावरून कळलं होतं.

आता घरात आणि आवारात तीन मतं आहेत. मिस्त्री म्हणतात बोलेरोचं डीआय इंजिन बसवू, पार्ट गल्लीबोळात मिळतात. सासरे म्हणतात कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तिथल्या वर्कशॉपांत, नेऊन हेच बांधून घ्या. आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं जपानी वापरलेल्या सी-२४० चे फोटो पाठवलेत, १ लाख ३० हजार सांगतोय, "रनिंग कंडिशन" म्हणे. चंदेरी रंग इतका ताजा आहे की बोल्टच्या खाचासुद्धा भरून गेल्यात. मागं एकदा असाच रंगवलेला हायड्रॉलिक पंप घेऊन मी पोळलेय (ते दुकान वेगळं होतं), म्हणून ऍडव्हान्स पाठवायला हात धजत नाही.

तर विचारायचं हे की वापरलेलं सी-२४० घ्यायचं झालं तर कुठं बघू आणि काय तपासू? दुसरं इंजिन बसवलेलं कुणी पाहिलंय का, ते चाललं का? गाडी विकायचा सल्ला कृपया नको. मास्ट (माल उचलायचा पुढचा उभा सांगाडा), गिअर, ब्रेक, सगळं ठणठणीत आहे.

---

घाटावरचाघाटी:

ऍम्बेसेडरमध्ये इसुझूचं डिझेल यायचं की! कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागच्या अंगणात एक तरी सापडेल. स्वस्तात काम होईल.

---

जुनंडिझेल:

ऍम्बेसेडरचं ते दोन लिटरचं, वेगळ्या घराण्यातलं. हे २,३६९ सीसीचं. नाव एक म्हणून माउंटिंग एक होत नाही. तो नाद सोडा.

वहिनी, मी पस्तीस वर्षं डिझेलच करतोय, निम्मी उद्यमनगरातच गेली. आधी मला सांगा, इंजिन झिजलं कशानं? सी-२४० ऑईल वेळेवर बदललं तर सहजासहजी मरणाऱ्यातलं नाही. तुमच्या आवारात सिमेंट आणि क्रश सँड उडतंय. एअर फिल्टरच्या पुढं इंजिनकडं जाणारा रबरी पाईप आहे तो काढा, आत बोट फिरवा आणि बोट बघा. बोट करडं आलं तर आणलेलं नवं इंजिनही वर्ष-दीड वर्षात याच वाटेनं जाईल.

दुसरं, कॉम्प्रेशन परत घ्या, पण या वेळी प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडून. चमचाभरच, जास्त नको, डिझेलमध्ये जागा कमी असते, इंजिन अडकेल. आकडा वर चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) झिजलेत. नाही चढला तर व्हॉल्व्ह, नाहीतर हेड. तिसऱ्या सिलिंडरच्या १४ वर माझा डोळा आहे.

---

गोदीवाला:

मी न्हावाशेवाहून येणाऱ्या जुन्या मशिनरीच्या धंद्यात होतो, आता नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

इंजिन फोटोवर घेऊ नका. फोटोतलं "रनिंग" म्हणजे जपानमध्ये कधीतरी चालत होतं, एवढाच अर्थ. विक्रेत्याला म्हणा, बॅटरी आणि डिझेलची बाटली लावून स्टँडवर चालू करून दाखव. तयार नसेल तर निघा. चालू केलं तर थंड असताना पहिला धूर बघा, ब्रीदरवर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) हात धरा, मग सम्प (खालचं ऑईलचं भांडं) उघडायला लावा आणि एक मेन आणि एक बिगएंड बेअरिंग कॅप काढून क्रँकवर नख फिरवा. नख अडकलं तर ग्राइंडिंग धरूनच भाव करा. ब्लॉकवर पंच केलेला नंबर रंगाखाली नीट वाचता आला पाहिजे.

आता सगळ्यात मोठी अडचण. सी-२४० फक्त फोर्कलिफ्टमध्ये नव्हतं, छोट्या ट्रकमध्येही होतं. ट्रकचं इंजिन दिसायला तेच, पण हायड्रॉलिक पंपाला गिअर देणारी केस त्याला नसते. सम्पचा आकार वेगळा असू शकतो, डिझेल पंपाचा गव्हर्नरही (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) वेगळा. फोर्कलिफ्टच्या गव्हर्नरला लोड आला की आरपीएम धरून ठेवायचा असतो, मास्ट उचलताना ते लगेच कळतं. तुमचा हायड्रॉलिक पंप इंजिनवर बसतो की कन्व्हर्टरच्या हाऊसिंगवर, ते आधी बघा. स्टार्टर १२ व्होल्टचा की २४ चा, तेही.

शोध टीसीएमपुरता ठेवू नका. हेली, हांगचा या चिनी गाड्यांतही सी-२४० येतं. अपघातात मास्ट वाकलेली किंवा गिअर गेलेली अख्खी गाडी कधी कधी नुसत्या इंजिनाच्या भावात मिळते, आणि मग रेडिएटर, वायरिंग, माउंटिंग सगळं जुळलेलं हातात येतं.

---

इलेक्ट्रिकप्रेमी:

यापेक्षा बॅटरीवाली फोर्कलिफ्ट का नाही घेत? डिझेलचा खर्चच संपला.

---

पेव्हरवाली:

@इलेक्ट्रिकप्रेमी, आवार मुरमाचं आहे हो, पावसात चाक अर्धं रुततं. काँक्रीट करायचं तर तेवढ्यात दोन इंजिनं येतील.

बाकीच्यांचे खूप आभार. जुनंडिझेल काका, तुम्ही म्हणालात तसं आज दुपारी पाईप काढला. बोट करडं नाही, पांढरं झालं. पिठाच्या डब्यात घातल्यासारखं. पाईपच्या खालच्या घडीत चार बोटांची चीर आहे, वरून दिसतच नाही. क्लिपही नुसती वाटोळी फिरत होती. आम्ही दर महिन्याला फिल्टर झटकत होतो आणि हवा फिल्टरला वळसा घालून आत जात होती! आमचे ऑपरेटर मामा बराच वेळ काही बोललेच नाहीत.

ऑईल घालून कॉम्प्रेशन: २६, २७, १५, २७.

गोदीवाला दादा, पंप इंजिनवरच आहे, टायमिंगच्या बाजूच्या गिअरकेसवर. स्टार्टर १२ व्होल्टचा. मुंबईच्या व्यापाऱ्याला गिअरकेसच्या बाजूचा फोटो मागितला. त्यानं परत त्याच बाजूचा पाठवला.

---

गोदीवाला:

म्हणजे उत्तर मिळालं. ते ट्रकचं आहे.

---

जुनंडिझेल:

आता चित्र स्वच्छ आहे. एक, दोन, चार नंबरला रिंग-लायनर गेलेत, तीनला त्याच्या जोडीला हेडची भानगड आहे. व्हॉल्व्हची सीट जळली असेल किंवा दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा. पाणी कमी होतंय का?

माझं मत सासऱ्यांच्या बाजूनं. तुमच्या ब्लॉकला गिअरकेस आहे, माउंटिंग आहे, कन्व्हर्टरला बरोबर बसतोय. बाजारात नेमकं हेच शोधताना लोकांची दमछाक होते, आणि तुम्ही ते भंगारात घालायला निघालात. बोलेरोचं इंजिन मी बसवताना पाहिलंय. ऍडॅप्टर प्लेट करून कन्व्हर्टरला जोडलं, पण प्लेटचा सेंटर केसभर चुकला आणि पुढचं सील दोनदा गेलं. पंप चालवायला बेल्ट लावला, तो लोडखाली घसरायचा. गाडी चालायची, पण उचलायची नाही. फोर्कलिफ्टनं उचललंच नाही तर काय कामाची?

उद्यमनगरात न्यायच्या आधी हे ठरवून घ्या. हेड पहिलं काढा आणि प्रेशर टेस्टला द्या. हेड फुटकं निघालं तर त्याचा भाव कळेपर्यंत लायनर किट मागवू नका. हेड चांगलं असेल तर लायनर, पिस्टन, रिंगा मुंबई-पुण्यात फोर्कलिफ्टचे पार्ट विकणाऱ्यांकडं मिळतात. इंजिन नंबर देऊनच मागवा. लायनर दाबून बसवल्यावर बोअर आणि होनिंग (आतून मापात कापणं आणि घासणं) त्याच शॉपमध्ये, आणि प्रत्येक पिस्टन त्याच्याच बोअरला मापून. क्रँक आधी मापून बघा, शॉपवाला म्हणतो म्हणून उगाच ग्राइंड करू नका. धूळ खाल्लेलं इंजिन आहे, ऑईलच्या वाटा आणि ऑईल कूलर असेल तर तोही धुवायला सांगा. त्यात राहिलेली वाळू नव्या बेअरिंगला पहिल्या आठवड्यात खाते. नोझल आणि डिझेल पंप कॅलिब्रेशनला.

आणि एक, हे विसरतात. फोर्कलिफ्टचं इंजिन उलटं बसतं, तोंड गाडीच्या मागं, आणि पंखा हवा रेडिएटरमधून मागं ढकलतो. गाड्यांचं काम करणारा मिस्त्री सवयीनं पंखा पालटून लावतो, मग इंजिन तापायला लागलं की सगळे थर्मोस्टॅटला शिव्या देतात. पंखा काढायच्या आधी त्याच्यावर खडूनं बाण काढा.

---

पेव्हरवाली:

पाणी कमी होतंय, हो. आठ दिवसाला लिटरभर. रेडिएटर गळत असेल म्हणून सोडून दिलं होतं.

मिस्त्रींना हे सगळं वाचून दाखवलं. बेल्टचं ऐकून त्यांनी बोलेरोचा विषय सोडला, पण "पंखा मी कधी उलटा लावलाय?" म्हणून रुसलेत. परवा रविवार, कारखाना बंद. सीट आणि बॉनेट उचलून चेनकप्पी लावतोय, हेड सोमवारी सकाळी उद्यमनगरात. तोवर शेजारच्या वीटभट्टीवाल्यांची गाडी तासावर घेतलीये.

एअर पाईप नवा मिळत नाहीये, दोन दुकानं पाहिली. तसाच घडीचा तीन इंची पाईप कोल्हापूर-सांगलीत कुणाकडं मिळेल?

---

घाटावरचाघाटी:

कोल्हापुरात ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात विचारा. आतला व्यास कॅलिपरनं मापून न्या, आणि जुना तुकडा सोबत ठेवा. ऍम्बेसेडरबद्दल माफी.