चिपवरचा भरवसा की सहीवरचा?

हार्डवेअर वॉलेटमधली (क्रिप्टोचलन सांभाळणाऱ्या छोट्या उपकरणातली) प्रायव्हेट की, म्हणजे ते चलन खर्च करण्याची गुप्त किल्ली, चिपबाहेर पडूच शकत नाही, तेव्हा चिंता नको, असं ठामपणे म्हटलं जातं. इतकं छातीठोक सांगायला मी धजावणार नाही.

अशी वॉलेट बनवणाऱ्या लेजर कंपनीचंच घ्या. फर्मवेअर (उपकरणातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटने की बाहेर काढता येत नाही, असं कंपनीनेच नोव्हेंबर 2022 मध्ये ट्विटरवर सांगितलं होतं. मे 2023 मध्ये 'लेजर रिकव्हर' जाहीर झालं: सीडचे (ज्यांतून की पुन्हा तयार करता येते त्या 24 शब्दांचे) एन्क्रिप्टेड तीन तुकडे तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे, आणि ही सोय आली अपडेटमधूनच! सेवा ऐच्छिक आहे, तुम्ही मंजुरी दिल्याशिवाय काही जात नाही, हे मान्य. पण ती मंजुरी विचारणारा कोडही त्यांचाच ना? म्हणजे शेवटी भरवसा अपडेटवर (ते अस्सल असल्याची) डिजिटल सही करणाऱ्यांवर.

ट्रेझर या दुसऱ्या वॉलेटचा कोड खुला आहे, पण जुन्या मॉडेलांत सिक्युअर एलिमेंट (गुपितं जपणारी खास सुरक्षित चिप) नाही. उपकरण हातात पडलं तर व्होल्टेज ग्लिचिंगने (चिपचा वीजदाब क्षणभर बिघडवून) 15 मिनिटांत सीड काढता येते, हे क्रॅकेन या क्रिप्टो एक्स्चेंजच्या टीमने जानेवारी 2020 मध्ये दाखवलं. तगडा पासफ्रेज (सीडला जोडायचा, उपकरणात न साठवलेला जादा पासवर्ड) त्यावर उपाय आहे, पण तो लावतात किती जण?

बरं, चोर चिपच्या वाटेला जातातच असंही नाही. 2020 मध्ये लेजरच्या ग्राहकांचे पत्ते फुटले आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी सीलबंद डब्यात बनावट लेजर आले. आत यूएसबीच्या तोंडाशी फ्लॅश ड्राइव्ह सोल्डर केलेला, सोबत पत्र: जुनं उपकरण असुरक्षित आहे, तुमचे 24 शब्द यात टाका.