मदत हवी आहे: लग्नाला व्हिडिओवाला सांगावा का?

नमस्कार मंडळी, तुळशीच्या लग्नानंतर बहिणीचं लग्न आहे, इथेच इंदूरला. फोटोग्राफर ठरलाय पण व्हिडिओवरून घरात दोन पार्ट्या पडल्यात, बाबा म्हणतात बघतं कोण, आमची कॅसेट माळ्यावर पडलीये आणि लावायला व्हीसीआरच नाही (मुद्दा बरोबर आहे म्हणा). पण आजी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणारे, तो आवाज फोटोत कसा येणार? मला ड्रोन, रील वगैरे काही नको, सीमांतपूजन ते सप्तपदी साधं शूट हवं पण आवाज नीट, नाहीतर अंतरपाट धरला की नुसता बँडच ऐकू येतो. एक कॅमेरा पुरतो का? आजीला आणि गुरुजींना कॉलर माइक लावतात का? एडिट न केलेलं फुटेज मागितलं तर वेगळे पैसे घेतात का, आणि हार्डडिस्क आपणच द्यायची असते? की चुलतभावालाच ट्रायपॉड देऊन बसवू, पंगत बसली की तो गायब होतो हे माहीत असूनही विचारतेय.